जेवलो नावाचं बंदर

बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर धाकट्याने सांगितलं की वर्गात नातेवाइकांबद्दल बोलायचं होतं, तेव्हा त्याने 'माझ्या मामाला कुवेतमध्ये अटक झाली होती' असं सांगून टाकलं आणि मुलांना ते फार आवडलं. थोरलीने लगेच त्याला दुरुस्त केलं. तिच्या मते अटक झाली नव्हती, मामा समुद्री चाच्यांच्या तावडीत सापडला होता. तुमची आई मागे भांडी लावत होती, तिने मान वर केली नाही. म्हणजे तिलाही पुरतं माहीत नाही असं मी समजते.

तेव्हा एकदा नीट लिहून ठेवते. बोलताना तुम्ही इंग्रजीत विचारता, मग मीही इंग्रजीत उत्तर देते, आणि या हकिगतीतला मुख्य शब्दच इंग्रजीत सांगून भागत नाही. म्हणून मराठीत लिहिते आहे. आईने शेजारी बसून वाचून दाखवावं. शिवाय यंदा आम्ही कुवेत सोडतो आहोत. एकदा खोकी बांधायला घेतली की मला दुसरं काही सुचत नाही, त्याआधी हे उरकलेलं बरं.

पहिली गोष्ट म्हणजे मामाला अटक झाली नव्हती. जहाजाला झाली होती. कर्जापायी कोर्टाने जहाज अडकवलं तर इंग्रजीत त्याला 'अरेस्ट' म्हणतात, तिथून हा सगळा घोळ. मराठीत आपण जप्ती म्हणतो, घराची किंवा गाडीची होते तशी. चाचे तर कुठेच नव्हते.

मामा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण रत्नागिरीला असते, हे तुम्हाला माहीत आहे. मामा मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर होता. नकाशे बघायचे, मार्ग आखायचा, हे त्याचं काम. ते जहाज जुनं होतं. लोखंडी पाइप आणि पत्र्याच्या गुंडाळ्या घेऊन ते इथल्या शुऐबा बंदरात आलं, माल उतरला, आणि निघायच्या दिवशी कोर्टाचा माणूस वर चढून सुकाणूघराच्या काचेवर एक कागद चिकटवून गेला. जहाजाचा मालक दुसऱ्याच कुठल्या देशात राहणारा. त्याने तेलवाल्याचे पैसे बुडवले होते आणि तेलवाला कोर्टात गेला होता. एकाने दावा लावल्यावर बाकीचेही आले. रंगवाला, दोरखंडवाला, किराणा पुरवणारा. जहाजावरच्या लोकांचे पगार तर त्याच्याही आधीपासून थकले होते.

जहाज धक्क्यावरून हलवून बाहेर समुद्रात नांगरून ठेवलं. तेव्हा थंडी संपत आली होती.

बहिणीचा फोन आला. ती म्हणाली, "ताई, तू तिथेच आहेस ना? मग जाऊन बघून ये की त्याला." जसं काही जहाज आमच्या मिरकाबच्या गल्लीत एसटीसारखं लागलं होतं. मी तिला समजावलं की बंदरात असं कोणालाही जाता येत नाही, आणि जहाज बंदरात नाहीच, पाण्यात आहे. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायची. तिचंही बरोबर होतं. सगळ्या नात्यागोत्यात त्याच्या सर्वांत जवळ मी होते.

तो उतरून का आला नाही, असं थोरली विचारेल. जप्त केलेलं जहाज माणसांशिवाय सोडून देता येत नाही. वाऱ्याने नांगर सुटला तर ते दुसऱ्या जहाजावर जाऊन आदळायचं. म्हणून ठरावीक माणसं वर राहावीच लागतात. त्यांच्या जागी बदली माणसं पाठवायची मालकाने, आणि मालक फोन उचलत नव्हता.

एका संध्याकाळी मामाचा मला फोन आला. जहाजावरचं इंटरनेट उपग्रहावरून येतं, त्याचंही बिल थकलं होतं आणि ते दुसऱ्या दिवशी बंद होणार होतं. त्याचं भारतातलं सिम इथे चालत नव्हतं, आणि इथलं घ्यायचं तर जमिनीवर पाय ठेवायला हवा. त्याने घाईघाईने सांगितलं की एक अॅप आहे, त्यात जगातली सगळी जहाजं नकाशावर दिसतात. जहाजाचं नाव टाक, म्हणजे मी कुठे आहे ते दिसेल.

मी विचारलं, "तू दिसशील की जहाज?"

"मावशी, सध्या एकच," तो म्हणाला.

तुम्हाला माहीत आहे, मी इथल्या भारतीय शाळेत निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवला. नकाशा समोर आला की मला बरं वाटतं. या नकाशाने मात्र मला कधी स्वस्थ बसू दिलं नाही. त्यात चालती जहाजं बाणासारखी दिसतात आणि थांबलेली नुसत्या ठिपक्यासारखी. आमचं जहाज ठिपका होतं. जहाजावर डिझेल पुरवून वापरत होते, जनरेटर दिवसातून थोडाच वेळ चालवत. यंत्राला वीज मिळाली की ठिपका उमटायचा, नाहीतर 'शेवटचा कधी दिसला' एवढंच लिहून यायचं. मी पोळी लाटताना मध्येच हात धुऊन फोन बघायची. पूजेला बसले तरी फोन शेजारी. तुमचे आजोबा म्हणायचे की ठिपका बघितल्याने जहाज हलत नाही. आणि मी आंघोळीला गेले की स्वतः बघायचे. परत आल्यावर माझ्या फोनवर नकाशा वेगळ्याच जागी सरकलेला असे.

एका संध्याकाळी ठिपका आला, आणि त्याखाली नेहमी मोकळी असणारी एक जागा भरलेली दिसली. तिथे जहाज कुठल्या बंदराला निघालं आहे ते लिहिलेलं असतं. पाच इंग्रजी अक्षरं होती. जे, ई, व्ही, एल, ओ.

बंदर ठरलं म्हणजे जहाज सुटलं. मी अॅटलास काढला, मागची सूची बघितली. नाव सापडलं नाही. स्पॅनिश असेल तर 'हेव्लो' असा उच्चार होईल म्हणून दक्षिण अमेरिकेचा किनारा धरून खाली उतरत गेले. मग बाल्टिक समुद्र घेतला. आजोबा चष्मा लावून शेजारी येऊन बसले. त्यांचं म्हणणं पडलं की कोणीतरी स्पेलिंग चुकवलंय, स्वीडनमध्ये येव्ले नावाचं बंदर आहे, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत असताना त्यांच्याकडे तिथून काही सामान आलं होतं. आणि मग स्वतःच हसून म्हणाले, "की येवल्याला निघालेत पैठण्या भरायला?"

मला हसायला वेळ नव्हता. मी बहिणीला फोन करून सांगितलं की जहाज सुटलं, पुढचं बंदरही ठरलं. तिने फोन तसाच हातात ठेवून देवापुढे साखर ठेवली, मला वाटीचा आवाज आला. मग शेजारणीला हाक मारून सांगितलं. मग परत फोनवर आली.

"कुठे निघालंय म्हणालीस?"

"नीट कळत नाही. हेव्लो असेल किंवा जेव्लो. हे म्हणतात स्वीडनमधलं येव्लेही असेल."

पलीकडे तिने एकेक नाव पुटपुटून बघितलं.

"ताई," ती म्हणाली, "मधलं परत म्हण."

"जेव्लो. जे, ई, व्ही, एल..."

"अगं, जेवलो. जेवलो म्हणतोय तो."

माझ्या मांडीवर अॅटलास उघडा होता, स्वीडनचं पान. मी मराठीत जन्मले, मराठीत वाढले, आणि अक्षरं इंग्रजी दिसली म्हणून सगळं जग पालथं घातलं. आजोबांकडे बघितलं तर ते खिडकीबाहेर बघत होते.

जहाज कुठे निघालं ते त्या यंत्रात भरायचं काम सेकंड ऑफिसरचं असतं. वीस अक्षरं मावतात, तीही इंग्रजीच. जहाज कुठेच निघालेलं नव्हतं, तेव्हा ती जागा रिकामी होती, आणि मी रोज बघते हे मामाला माहीत होतं. त्याची आई त्याला रोज संध्याकाळी 'जेवलास का' एवढाच निरोप पाठवायची. नेट बंद झाल्यापासून ते निरोप त्याला पोचत नव्हते, पण ती पाठवणार याची त्याला खात्री होती. त्याने उत्तर दिलं होतं.

'जेवलो' म्हणजे 'आय एट', हे तुम्ही कुठल्याही भाषांतराच्या अॅपवर बघाल. ते चूक नाही. पण आपल्याकडे बाहेरगावच्या मुलाने 'जेवलो' म्हटलं की आई फोन खाली ठेवू शकते, हे त्यात लिहिलेलं नसतं.

त्यानंतर दर एक-दोन दिवसांनी बंदर बदलायला लागलं. 'बरा आहे.' 'ऊन फार.' एकदा 'मासे पकडले.' त्यावर बहिणीने मला अर्धा तास फोनवर धरून ठेवलं की कोणते मासे, शिजवतो कोण, तेल आहे का त्यांच्याकडे. मी काय सांगणार? मी म्हटलं, बाई, वीस अक्षरांत रेसिपी बसत नाही. सगळ्यांत जास्त वेळा 'जेवलो' असायचं. तो न जेवताही ते लिहीत असेल, ही शंका मला होती. बहिणीलाही असणार. आम्ही ती एकमेकींना बोलून दाखवली नाही.

तो मराठीत का लिहीत होता, याला दुसरंही कारण होतं. मालक फोन उचलत नव्हता, पण नकाशा बघत होता. बाहेर तक्रार केली तर थकलेला पगार विसरा, अशी तंबी त्याने सगळ्यांना आधीच देऊन ठेवली होती. मालकाला ती नावं कुठल्यातरी चुकलेल्या बंदरांची वाटत असणार, जशी मला वाटली.

आता दुसऱ्या एका माणसाबद्दल सांगायला हवं. जहाजाचं इथलं काम बघणाऱ्या एजंटचं ऑफिस आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, मिरकाबमध्येच होतं. मी तिथे आठवड्यातून दोन-तीनदा जाऊन बसायची. त्या ऑफिसचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद घेऊन फिरणारा माणूस, रायगडकडचा निघाला. श्रीवर्धनचा मुसलमान, राहायला जहराला. उंच, अत्तर लावणारा, सतत दोन फोन हातात. मला वहिनी म्हणायचा आणि चहा पाजायचा. एजंटचेही पैसे मालकाने थकवले होते, त्यामुळे त्या ऑफिसात चहापलीकडे काही मिळत नव्हतं. मी काहीही विचारलं की मंदूब म्हणायचा, "वहिनी, तुम्ही कशाला घाबरता? जहाजाला नांगर आहे. माझी बायको माहेरी गेली की परत कधी येईल ते मला सांगता येत नाही, जहाज मात्र जागेवर आहे." मला त्याचा राग यायचा आणि तरी मी जायची, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती. भारतीय दूतावासात अर्ज दिलेला होता. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं आणि कोर्टाचं काम कोर्टाच्या गतीने होतं असं सांगितलं.

उन्हाळा आला. तुम्ही इथला उन्हाळा फक्त विमानतळ ते गाडी एवढाच पाहिला आहे. जहाज म्हणजे लोखंडाची पेटी, आणि त्यात एसी बंद. एका दुपारी ठिपक्याखाली आलं, 'पाणी कमी'. मी मंदूबला फोन करून एवढंच म्हटलं की जहाजावर पाण्याची काय व्यवस्था आहे ते बघा. तो म्हणाला, बघतो. मला कसं कळलं, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तीन दिवस ठिपका आला नाही. चौथ्या दिवशी आला, आणि खाली होतं, 'पाणी नाही'.

हा शब्द दाखवायचा तर मामाचं लिहिणं उघडं पडणार होतं. एजंटला कळलं की मालकाला कळणार, मालकाला कळलं की तो कप्तानावर ओरडणार, आणि त्या रिकाम्या जागेत पुन्हा काही उमटणार नाही. आजोबा म्हणाले की न दाखवता नुसतं सांगून बघू. पण नुसतं सांगून झालेलं होतं. मी बहिणीला फोन लावला. हे एकटीने ठरवायचं मला धाडस होईना. मुलगा तिचा होता.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दाखव. शब्द नाही आले तरी चालतील मला. पाणी पोचू दे."

मी फोन, चष्मा आणि पर्स घेऊन तशीच ऑफिसात गेले. मंदूबने चहा सांगायला हात वर केला. मी त्याच्यापुढे फोन धरला. त्याने वाचलं. त्याचा हात तसाच वर राहिला आणि मग त्याने तो खाली घेतला.

"हे कोणी लिहिलंय?"

"माझ्या भाच्याने. जहाजावरून."

त्याने माझा फोन घेतला आणि दार न ठोठावता मॅनेजरच्या खोलीत गेला. मी मागोमाग. मॅनेजर इजिप्तचा, सभ्य गृहस्थ. त्याने फोन हातात घेतला, अक्षरं जुळवली आणि इंग्रजीत मला विचारलं की हे 'पानी नाही' नावाचं बंदर कुठे आलं, इराणच्या बाजूला का? आणि जप्तीतलं जहाज तिकडे जायला निघालंच कसं, आता कोर्टाला काय सांगायचं? तो खरोखर घाबरला होता.

मंदूब त्याच्याशी अरबीत बोलायला लागला. मला अरबी बाजारापुरतं येतं, पण 'माय' म्हणजे पाणी आणि 'माफी' म्हणजे नाही, एवढं समजतं. 'माफी माय, माफी माय' असं तो दोनदा म्हणाला आणि टेबलावर बोट आपटलं. मॅनेजरने फोन पुन्हा बघितला. मग त्याने खुर्ची मागे सारली.

पाण्याची बोट दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. मंदूबने मला फोटो पाठवला. जहाजाच्या काळ्या अंगावरून एक जाड पाइप वर गेलेला, आणि कठड्याशी वाकून बघणारी दोन-तीन माणसं. चेहरे ओळखू येत नव्हते. बहिणीने तो फोटो मोठा करकरून त्यातला मधला मुलगा आपला आहे असं ठरवून टाकलं.

त्या संध्याकाळी ठिपका आला. खाली लिहिलं होतं, 'कुवेत'. नुसतं कुवेत. दुसऱ्या दिवशीही कुवेत, त्याच्या पुढच्या दिवशीही.

आम्हाला हे होणार हे माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि रोज संध्याकाळी बघणं वेगळं. मी कपाटं आवरायला काढली. एकदा लावलेली पुन्हा लावली. बहीण दोन-दोनदा फोन करायची. ती विचारायची, "काय लिहिलंय?" मी म्हणायची, "कुवेत." ती म्हणायची, "बरं." आणि तरी फोन ठेवायची नाही. पलीकडे तिचा मिक्सर, कुकर, कावळे ऐकू यायचे.

दर शुक्रवारी मी आजोबांना गाडी काढायला लावायची. मीना अब्दुल्लाच्या पुढे एका जागी रस्ता समुद्राला लागतो, तिथून नांगरलेली जहाजं दिसतात, धूळ नसेल तर. बहुतेक वेळा धूळ असायची. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळायचं नाही, त्यात काही काळपट डाग. मी म्हणायची डावीकडचं आपलं, आजोबा म्हणायचे उजवीकडचं. अॅपमध्ये बघून ठरवावं तर तेवढ्यात आमचा ठिपका गायब. एकदा मी घरून दुर्बीण नेली. आजोबांनी जन्म त्या भागात काढलेला, रिफायनरीच्या आसपास दुर्बिणी आणि कॅमेरे चालत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक, त्यांनी ती माझ्या मांडीवर शालीखाली दडपून टाकली. थोड्या वेळाने गस्तीची गाडी आलीच. तरुण पोलीस होता. त्याने विचारलं, इथे काय करताय. आजोबा म्हणाले, हवा खायला आलोय. त्या उन्हात आणि धुळीत, काचा बंद करून, दोन म्हातारी माणसं हवा खातायत, आणि बाईच्या मांडीवर लोकरीची शाल. पोलिसाने शालीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि घरी जा म्हणाला. परतीच्या रस्त्यावर आजोबा माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या शुक्रवारी न सांगता त्यांनी किल्ली घेतली.

मग ठिपका यायचाच बंद झाला. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी मंदूबला विचारलं. तो आता विनोद करत नव्हता. त्याने सांगितलं की डिझेल फारच कमी आहे, जनरेटर फक्त स्वयंपाकापुरता चालवतात, पण पाणी आणि तांदूळ जातंय, त्याने स्वतः बोटीवर चढवून दिलंय. मी त्याला म्हटलं की निदान एकदा त्याच्याशी बोलून या. तो म्हणाला, "वहिनी, मी वर जात नाही. मला पाण्याची भीती वाटते." मी त्याच्याकडे बघतच राहिले. श्रीवर्धनचा माणूस. तो म्हणाला, "म्हणून तर कागदाचं काम धरलं."

थंडीच्या सुरुवातीला त्याचा फोन आला. कोर्टाने जहाजाचा लिलाव केला होता. नवा मालक पैसे भरणार, त्यातून जमेल तसं सगळ्यांचं देणं दिलं जाणार, आणि जहाजावरचे लोक घरी जाणार. मी लगेच विचारलं, कधी. त्याने सांगितलं की सगळे एकदम नाहीत. कप्तान आजारी पडल्याने त्याला आधीच उतरवलं होतं, पहिल्या ऑफिसरची जागा आधीपासून रिकामीच होती, आणि त्यांच्या खालोखाल मामा होता. म्हणजे जहाजाचा ताबा आता मामाकडे. नव्या मालकाची माणसं येऊन ताबा घेईपर्यंत तो उतरू शकत नव्हता.

हे बहिणीला कसं सांगायचं ते मला कळेना. मी सांगितलं की त्याला बढती मिळाली आहे. ती म्हणाली, "ताई, मला शाळेतल्या मुलांसारखं समजावू नकोस." मग खरं सांगितलं. पहिल्या गटात खलाशी गेले. दुसऱ्या गटात इंजिनवाले. मंदूब त्यांना विमानतळावर सोडून यायचा आणि मला कळवायचा, कोण गेलं, कोण राहिलं. राहिलेल्यांत मामा असायचाच. नवी माणसं येणार येणार असं सगळे म्हणत होते. त्यांच्या व्हिसाचं काम मंदूबकडेच होतं, आणि माझ्या आयुष्यात मी कोणाच्या व्हिसासाठी देवाची इतकी आळवणी केली नव्हती.

एका दुपारी जेवणं होऊन ताटं उचलत होते, तेव्हा मंदूबचा फोन आला. त्याच्या आवाजात जुनी खोडी परत आली होती.

"वहिनी, माझी गाडी तापलीय. तुमच्या बिल्डिंगखाली थांबवलीय, दहा मिनिटं थंड करतो. खाली येता का?"

मला वाटलं काही कागद द्यायचे असतील. मी पायांत आजोबांच्याच चपला सरकवून खाली गेले. गाडीचं इंजिन चालू होतं, एसीसुद्धा. मागचं दार उघडलं आणि मामा उतरला. बंदरातून थेट विमानतळावर न्यायचं असतं त्यांना, वाटेत कुठे थांबायची परवानगी नसते. मंदूब बॉनेट उघडून त्यात बघत उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून.

मामा निम्मा झाला होता. दाढी वाढलेली. तो दाराला धरूनच उभा होता. म्हणाला, जमीन हलत नाहीये म्हणून चक्कर येतेय. मी त्याचा दंड धरून ठेवला. आजोबा मागून अनवाणी खाली आले होते, त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढेनात.

तो म्हणाला, "मावशी, तू त्यांना दाखवलंस ना? पाण्याचं?"

"हो. दाखवलं."

"कप्तान माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. पाणी मात्र प्यायला."

मग तो हसला. खालचा ओठ फुटला होता, त्यामुळे हसताना त्याने तो दातात धरला. बॉनेट खाली आपटल्याचा आवाज आला. मंदूब म्हणाला की गाडी थंड झाली. आमची दहा मिनिटं झाली नव्हती, पण रस्त्यात पोलिसांची गाडी वळताना त्याला दिसली होती. मामा आत बसला. काच खाली करून त्याने मला सांगितलं की आईला आत्ता फोन करू नकोस, विमान सुटलं की कर. मी हो म्हटलं, आणि गाडी वळायच्या आत फोन लावला.

त्याला पगार पूर्ण मिळाला नाही. लिलावाच्या पैशांतून काही भाग आला, उरलेला येईल असं वकील सांगतो. बोटीवर परत जाणार नाही असं तो पहिल्यांदा म्हणाला होता. आता जयगडला टगवर आहे, मोठ्या जहाजांना धक्क्याला लावायचं काम, आणि रोज घरी येतो. त्या जहाजाचं नाव, रंग आणि झेंडा, तिन्ही बदलले. ते कुठे असतं हे मी शोधलं नाही. मंदूब ईदला फोन करतो, त्याची बायको माहेरून परत आली आहे.

मामाच्या पाठीचं दुखणं राहिलं आहे. तो दात घासताना नळ चालू ठेवू देत नाही, स्वतःलाही आणि दुसऱ्यालाही. बहिणीच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली पाण्याने भरलेल्या बाटल्यांची रांग आहे. तो दर रविवारी त्या झाडांना ओततो आणि पुन्हा भरून ठेवतो.